खालांच्या क्रॉसओव्हरचं झाकण

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि मी उभं आयुष्य आवाजाच्या कामात काढलं. हे ऐकून लोकांना हसू येतं. येऊ दे. लहानपणी गालगुंड झालं होतं, ताप उतरला तेव्हा तो कान गेलेला होता. घरात पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मी आपली मान वळवून ऐकायला शिकले होते. पुढे पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा एका सरांनी बाजूला घेऊन समजावलं, की मुलीनं, आणि त्यातून अशा मुलीनं, कॉम्प्युटरकडे वळावं. निदान ऑडिओच्या नादी लागू नये. शेवटच्या वर्षी मी ॲम्प्लिफायरचाच प्रोजेक्ट केला.

लग्न होऊन दुबईला आले ती नव्वदीच्या दशकात. नवरा एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होता. अल मनखूलमध्ये फ्लॅट, खाली उडुप्याचं हॉटेल, शेजारी सिंधी शिंपी. माझ्या पासपोर्टात व्हिसाचा जो शिक्का होता त्यावर 'हाउसवाइफ' छापलं होतं आणि पुढे 'काम करण्यास परवानगी नाही' असंही. मुलगी शाळेत रुळेपर्यंत मी तो शिक्का सोसला. मग नवऱ्याच्या व्हिसावर राहूनच नोकरीचा परवाना काढता येतो हे कळलं आणि मी अर्ज टाकायला लागले.

नोकरी मिळाली ती साउंड सिस्टिम बसवणाऱ्या एका कंपनीत. हॉटेलं, शाळांचे हॉल, क्वचित एखाद्या श्रीमंत माणसाचा बंगला. मॅनेजर दादरचे होते, हुशार होते, मराठी बोलायला मिळालं की खूश व्हायचे. कानाचं मी मुलाखतीतच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मॅडम, कोटेशन टाइप करायला दोन कान कशाला हवेत?" त्यांना वाटलं, त्यांनी माझी समजूत घातली. मला टेबल मिळालं, फोन मिळाला, फॅक्सचं मशीन मिळालं. वर्कशॉप काचेच्या पलीकडे होतं. डबा खाताना मी खुर्ची मुद्दाम त्या काचेकडे वळवून बसायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुमेराकडच्या एका बंगल्यात राहणाऱ्या एका इमिराती बाईंची तक्रार आली. वयस्क होत्या, नवरा वारलेला. नवऱ्याला गाण्यांचं वेड. त्यानं बैठकीच्या खोलीत माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे करून ठेवले होते. ते जुने झाले म्हणून आमच्या कंपनीनं त्यांना नवं डिजिटल क्रॉसओव्हर जोडून दिलं होतं. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारं खोकं. जाडाभरडा आवाज मोठ्या स्पीकरला, गळा मधल्याला, झांजा-घुंगरांचा बारीक आवाज छोट्याला. डिजिटल असल्यामुळे हे खोकं आत आलेल्या आवाजाचे आधी आकडे करतं, मग त्या आकड्यांची वाटणी करतं आणि पुन्हा आवाज बनवून बाहेर सोडतं.

तक्रार अशी होती की गाणं लावलेलं नसतानाही स्पीकरमधून सूंऽऽ असा आवाज येतो. आमचे दोन टेक्निशियन जाऊन आले. एकदा वायर बदलल्या, एकदा अर्थिंग तपासलं. बाईंनी दुसऱ्या खेपेला त्यांना चहा पाजला आणि परत न येण्याविषयी सांगितलं. मग मॅनेजरना सुचलं की घरात एकटी बाई आहे तर बाईमाणसालाच पाठवावं. मी बाईमाणूस होते.

"काय करायचं नाहीये," ते मला म्हणाले. "बनवणाऱ्या कंपनीच्या इथल्या एजंटचं उत्तर आलंय. युनिट ओके आहे, स्पेसिफिकेशनमध्ये आहे. तुम्ही फक्त त्यांना गोड बोलून सांगा, डिजिटलमध्ये एवढं असतंच."

बंगल्यातले नोकर बाईंना 'मामा' म्हणत. तिकडे आईला मामा म्हणतात, पण माझ्या मराठी जिभेला ते जमेना. मी त्यांना 'खाला' म्हटलं; मावशीला अरबीतही खालाच म्हणतात आणि आपल्याकडच्या उर्दूतही. त्यांना चाललं. जुन्या दुबईतल्या बायकांसारखी त्यांना बाजाराची हिंदी छान यायची. मला बसवलं, गहवा म्हणजे त्यांची अरबी कॉफी दिली, आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण करून स्पीकरकडे बोट दाखवलं.

"सुनो. ये मशीन सोता है. घोरता है."

मी उठून छोट्या स्पीकरला उजवा कान लावला. खरंच, कुणीतरी दारामागे नळ सोडून ठेवल्यासारखा आवाज होता. ॲम्प्लिफायरची बटणं खाली केली तशी सूं गेली. पण गाणं लावल्यावर गाणारी बाईही गेली. पार लांबच्या खोलीतून गात असल्यासारखी वाटायला लागली. बटणं वर केली की बाई जवळ आली आणि तिच्याबरोबर तो नळही.

'डिजिटलमध्ये एवढं असतंच' हे वाक्य मी तोंडात घोळवत होते. पण ते खोटं होतं, आणि ते मला त्या घरात उभं राहून बोलवेना. "खाला, मला थोडे दिवस द्या," एवढंच म्हणून मी परतले.

आमच्या स्टोअरमध्ये तसलंच एक खोकं डिस्प्ले जाऊन पडलेलं होतं. स्टोअरकीपरला विचारून ते घेतलं आणि डब्याच्या सुट्टीत वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर उघडून बसले. काचेच्या पलीकडे गेले तो पहिला दिवस. मीटर लावून आत शिरणाऱ्या वायरीपासून एकेक पार्ट तपासत गेले. दोन-तीन दुपारी गेल्या, पण गोष्ट उमगली आणि उमगल्यावर इतकी साधी वाटली की मी एकटीच हसले.

ते खोकं स्टेजसाठी बनवलेलं होतं. स्टेजवरच्या मोठ्या मिक्सरमधून जोरकस सिग्नल येतो, म्हणून आत शिरल्या शिरल्या त्याला आधी बराच खाली पाडायची सोय होती, आणि मगच त्याचे आकडे व्हायचे. खालांच्या घरी होता साधा सीडी प्लेयर. त्याचा सिग्नल मुळात नाजूक. तो बिचारा आणखी पाडला जायचा आणि आकडे करणाऱ्या भागाकडे पोचायचा तो जेमतेम. पायलीच्या मापानं चिमूटभर धान्य मोजावं तसं चाललं होतं. यंत्राची स्वतःची जी बारीक सूं असते ती तेवढीच राहायची; गाणं मात्र तिच्या बरोबरीला यायचं. मग बाहेर ॲम्प्लिफायर मोठा केला की दोन्ही मोठी व्हायची.

उपाय दिसतच होता. प्रवेशाच्या जागचे, सिग्नलला अडवणारे रेझिस्टर बदलायचे, म्हणजे नाजूक सिग्नल पाडला न जाता उलट थोडा वाढून आत जाईल. आत जेवढं वाढवलं तेवढंच बाहेर ॲम्प्लिफायरवर कमी करायचं. गाणं तेवढंच राहील, सूं खाली बसेल.

मी मॅनेजरना बोलावून दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मधे एखादा बूस्टर लावा ना," ते म्हणाले. "बाहेरून. झाकण कशाला उघडायचं?"

"लावून पाहिला. त्याची स्वतःची घरघर येते. आणि सर, आधी वाढवायचं, मग आत गेल्यावर त्यानं पुन्हा पाडायचं, यात काय अर्थ आहे?"

"म्हणजे ज्यांनी हे डिझाइन केलं ते इंजिनियर मूर्ख?"

"नाही. त्यांनी ते स्टेजसाठी केलंय आणि उत्तम केलंय. दिवाणखान्यात आपण ठेवलंय."

हे त्यांना झोंबलं, कारण ते खोकं त्यांनीच निवडलं होतं. "वॉरंटीचं सील तुटलं की एजंट हात वर करेल. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड देऊ? आणि समजा तुम्ही केलंत. बरोबर झालं की नाही हे ऐकून कोण सांगणार? तुम्ही? एका कानानं?"

वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी आपापल्या कामात माना घातल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि चांगला थंड राग आला. मी स्क्रू एकेक करून परत बसवले. "सर, सूं ऐकायला एक कान पुरतो," म्हटलं, आणि माझ्या टेबलावर जाऊन बसले.

"खलास," ते मागून म्हणाले. "विषय संपला."

माझ्या लेखी संपला नव्हता. त्या गुरुवारी मी खालांकडे गेले आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. यंत्र बिघडलेलं नाही, पण तुमच्या घराच्या मापाचं नाही. ते मापात आणता येतं. उघडलं की वॉरंटी जाईल. आमच्या कंपनीची याला परवानगी नाही. माझ्या मॅनेजरनं स्पष्ट नाही म्हटलंय. मी हे करू शकेन असं मला वाटतं, पण बिघडलं तर जबाबदार मी एकटी.

खालांनी मला मधेच थांबवलं. "एक बात बताओ. ये मशीन किसका है? मेरा या कंपनी का?"

"आपका."

"तो कंपनी कौन है बोलनेवाली? खोलो." मग म्हणाल्या, "लेकिन इधर. मेरे सामने."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा वार. नवऱ्यानं गाडीनं सोडलं. तो स्वभावानं सावध, वाटेत एवढंच म्हणाला, "नोकरी जाईल, हे धरून चल." मी म्हटलं, "धरलंय." मग त्यानं एसीचा झोत माझ्याकडे वळवला आणि माझ्या डाव्या बाजूनं आणखी काहीतरी बोलला, जे मला ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही.

खालांनी जेवणाच्या मोठ्या टेबलावर जाड सतरंजी अंथरून ठेवली होती. मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, झाकणावरचं सील नखानं फोडलं. समोर खुर्ची ओढून खाला बसल्या, हात मांडीवर, जणू न्हाव्याकडे पोराचे केस कापून घ्यायला आल्यात. ते रेझिस्टर तिळाएवढे असतात. बदली घालायचे मी घरी मीटरवर मोजून जोड्या लावून आणले होते. सोल्डरमधल्या राळेचा धूर उठला आणि त्यांच्या घरातल्या बुखूरच्या धुपात मिसळला.

एका बाजूचं काम नीट झालं. दुसऱ्या बाजूचा शेवटचा रेझिस्टर काढताना चिमट्याबरोबर बोर्डावरची तांब्याची पट्टीही उचलून आली. केसासारखी पट्टी, पण तीच गेली तर सिग्नल जाणार कुठून? मी चिमटा सतरंजीवर ठेवला.  मॅनेजरचा चेहरा समोर आला, मग त्या पॉलिटेक्निकच्या सरांचा.

"क्या हुआ?" खालांनी विचारलं.

"टूट गया, खाला. थोडासा."

त्या उठून जवळ आल्या, वाकून पाहिलं. त्यांना अर्थातच काही दिसलं नाही. "तुमको बनाना आता है?"

"आता है."

"तो बनाओ. हम नमाज पढ के आता है." आणि त्या निघून गेल्या. मला आजही वाटतं, त्यांनी मुद्दाम मला एकटं सोडलं. मी एका वायरीतला एकच तंतू सोलून काढला आणि तुटलेल्या पट्टीवरून छोटा पूल टाकला. खाला परत आल्या तेव्हा मी झाकण लावत होते.

जोडाजोड केली, ॲम्प्लिफायरची बटणं हिशेबानं खाली आणली. स्विच चालू केला. मी छोट्या स्पीकरला कान लावला. काही नाही. मला शंका आली की चालूच झालं नाही की काय. अगदी कान टेकवला तेव्हा कुठे तळाशी काहीतरी पुसट लागलं. मागे वळून म्हटलं, "गाणं लावा."

खालांच्या नवऱ्याची आवडती गाणारी होती. तिनं सुरू करण्याआधी श्वास घेतला, आणि तो श्वास आम्ही ऐकला.  अख्खं गाणं खालांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "ये औरत थोडा लेफ्ट में गया. पहले बीच में खडा था."

आता हे मला कसं कळावं? माझ्या जगात 'बीच में' असं काही नसतंच. सगळे आवाज मला एकाच दारातून येतात. मी त्यांना तसं सांगितलं. माझ्या डाव्या कानावर बोट ठेवून म्हटलं, "खाला, ये बंद है. बचपन से."

मला वाटलं आता त्या हळहळतील, किंवा पस्तावतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मेरे शोहर का दोनो कान अच्छा था. मेरा एक बात नहीं सुना."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की आतून मोलकरीण बघायला आली.

पण गाणारी डावीकडे सरकली होती हे खरं होतं, आणि त्याचा बंदोबस्त हसून होणार नव्हता. मी मीटर काढला. टेस्टचा एकच सूर लावून दोन्ही बाजू मोजल्या. खोक्यातून दोन्हीकडे सारखंच येत होतं. माझं काम बरोबर होतं. फरक ॲम्प्लिफायरच्या बटणांत होता. दोन्ही बटणं मी एकाच खुणेवर ठेवली होती, पण बटणांच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नसतो. मीटर बघत उजवं बटण केसभर पुढे सरकवलं. पुन्हा तेच गाणं लावलं.

"हां," खाला म्हणाल्या. "अभी बीच में आया."

त्यांनी सांगितलं म्हणजे आली असणार. मीटरही तेच म्हणत होता. मला तेवढं पुरतं.

शनिवारी ऑफिसात मी होऊन सांगितलं. लपवायचं काही नव्हतंच.  मॅनेजरनी दार लावून घेतलं. मग एक कागद टाइप करून आणला: मी सूचनेविरुद्ध ग्राहकाचं यंत्र उघडलं, ही माझी चूक होती, पुन्हा असं होणार नाही. "सही करा. फाइलला लावतो, प्रकरण इथंच मिटतं. मी तुम्हाला घालवायला बसलेलो नाही, मॅडम."

ते खरं बोलत होते. वाईट माणूस नव्हता तो.

"सूचनेविरुद्ध उघडलं, इथपर्यंत मी सही करते," मी म्हटलं. "चूक होती, याखाली नाही करणार."

"शब्दांत काय आहे?"

"मग तो शब्द काढा."

"तो शब्द काढला तर कागदाला अर्थ काय राहिला?"

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी कागद परत आपल्याकडे ओढला. "तुम्ही एकदा तरी जाऊन ऐका," मी म्हटलं. "तुम्हाला दोन कान आहेत, तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल." ते गेले नाहीत. मी राजीनामा दिला. माझा व्हिसा नवऱ्याचा होता, त्यामुळे कंपनीला माझ्या दुबईत राहण्याला हात लावता येत नव्हता. इतकी वर्षं ज्या शिक्क्याचा राग राग केला तो असा उपयोगी पडला, आणि त्याचाही मला रागच आला.

घरी मुलीनं विचारलं, "आई, डिड दे फायर यू?"

"नाही. मी सोडली."

"सेम थिंग."

"मुळीच सेम थिंग नाही," मी इतक्या जोरात म्हटलं की ती पुस्तक ठेवून माझ्याकडे बघत राहिली. नवरा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. तिथूनच म्हणाला, "ऐक तिचं. सेम थिंग नाहीये." हे मला नीट ऐकू आलं.

काम थांबलं नाही. खालांच्या नात्यातल्या एकानं आपलं खोकं पाठवलं, मग शारजाहून एक तमिळ डॉक्टर आले, अजमानहून एक गोरा म्हातारा आपले स्पीकर टेम्पोत घालून घेऊन आला. जेवणाचं टेबल महिनोन्महिने जेवणाला मिळालं नाही. पुढे एका ओळखीच्याच्या लायसनखाली मी रीतसर छोटं वर्कशॉप घेतलं. कंपनीतल्या एका टेक्निशियनचा एकदा फोन आला, आवाज खाली करून. मॅनेजरना कळू न देता मी कुठले रेझिस्टर घातले ते हवं होतं. मी म्हटलं, "सांगते. पण मोठ्यानं विचार. त्यांच्या टेबलासमोर उभा राहून विचार." त्यानं फोन ठेवला. आठवड्यानं पुन्हा आला, या वेळी मोठ्या आवाजात, आणि मी सगळं सांगून टाकलं. पलीकडे मॅनेजर होते की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खालांनी बोलावणं पाठवलं. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेले. त्यांनी पिशवी दाराशीच ठेवायला लावली. काही बिघडलेलं नव्हतं. मला सोफ्यावर बसवलं, माझा उजवा कान स्पीकरकडे येईल अशा बाजूला, न सांगता. मग मोलकरणीला हाक मारून म्हणाल्या, "एसी बंद करो."

बाहेर भर दुपार. "खाला, मर जायेंगे," मी म्हटलं.

"अभी मशीन चुप है तो एसी का आवाज बहुत आता है. हमको अच्छा नहीं लगता."

एसी बंद झाला. खोली बघता बघता तापली. त्यांच्या झग्याच्या गळ्याशी घाम जमला, माझा कुडता पाठीला चिकटला. गाणारी आपली संथपणे एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेनं आळवत होती. खाला मधेच डोळे उघडून मी उठते की काय हे बघायच्या. मी उठले नाही.